हृदयाचं ऑपरेशन, रक्ताच्या पिशव्या आणि लोहाची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवलाय.)

आजचा विषय दवाखान्यातला आहे, पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे आपण त्यात इतिहासाच्या दारानं शिरणार आहोत.

घरातल्या कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं की आपल्याकडं पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "रक्ताची सोय करा." मग फोनाफोनी सुरू होते. कुणाचा ग्रुप कोणता, कोण येऊ शकतं, कुणाच्या ओळखीचा माणूस रक्तपेढीत आहे. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. पेशंटचं स्वतःचं रक्त कमी का आहे, आणि ते ऑपरेशनच्या आधी वाढवता येईल का? हा प्रश्न साधा वाटतो, पण हृदयाच्या शस्त्रक्रियेत तो नेमानं विचारला जायला कितीतरी दशकं गेली. इतका उशीर का झाला, तीच आजची गोष्ट.

लोखंडाचं औषध जुनंच

अंगात रक्त कमी असणं आणि लोखंड यांचं नातं माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आयुर्वेदात पांडुरोगाचं वर्णन आहे: फिकट पडलेली कातडी, थकवा, धाप. त्यावरच्या औषधांत लोहभस्म आहे, नवायस लोह आहे, मंडूर आहे. मंडूर म्हणजे जुन्या लोखंडाचा कीट. रक्तातला लाल रंग लोहाशी जोडलेला आहे हे रसायनशास्त्रानं सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी वैद्य ते देत होते.

युरोपातही तसंच. सतराव्या शतकात इंग्लंडमधला डॉक्टर थॉमस सिडनहॅम फिकट पडलेल्या पेशंटना दारूत भिजवलेला लोखंडाचा कीस द्यायचा. १८३२ साली फ्रान्समध्ये पिअर ब्लॉ यांनी लोहाच्या गोळ्या आणल्या. त्या पुढं शंभर वर्षं 'ब्लॉच्या गोळ्या' म्हणून खपल्या.

म्हणजे औषध होतं. पण रक्त कमी असण्याची कारणं अनेक असतात, आणि प्रत्येक कारणावर लोखंड चालत नाही. हे नीट कळण्यातला एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत घडला.

लुसी विल्स आणि गिरणगाव

१९२८ साली लुसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्यात अनेकींचा जीव जायचा. त्याचं कारण शोधायचं काम तिच्याकडं होतं. परळच्या हाफकिन संस्थेतून तिनं काम सुरू केलं. गिरणगाव म्हणजे कोकण, सातारा आणि आमच्या पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातून पोटासाठी गेलेली माणसं. दाटीवाटीची खोली, आणि ताटात फारसं काही नाही.

विल्सनं पाहिलं की यातल्या अनेकींच्या रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात. इथं उलटं होतं. म्हणजे कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती. प्राण्यांवर आणि मग बायकांवर प्रयोग करत ती मार्माइटपर्यंत पोचली. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, पावाला लावून खातात तो काळसर पदार्थ. त्यानं या बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. आज आपण त्याला फॉलिक ऍसिड म्हणतो. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला ते असतं.

विल्सच्या कामातून मी एक गोष्ट उचलतो, आणि ती शेवटपर्यंत लागणार आहे: 'रक्त कमी आहे' एवढं म्हणून भागत नाही, काय कमी आहे म्हणून रक्त कमी आहे हे शोधावं लागतं.

बाटली आली आणि प्रश्न मागं पडला

दुसरीकडं, १९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले होते. एकाचं रक्त दुसऱ्याला सुरक्षितपणे देण्याची वाट मोकळी झाली. दोन महायुद्धांत रक्त साठवायचं तंत्र पक्कं झालं, रक्तपेढ्या उभ्या राहिल्या. आणि ६ मे १९५३ ला अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्र वापरून उघड्या हृदयावरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं.

या यंत्राचं काम समजून घेऊ, कारण खरी मेख तिथं आहे. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात. तेवढा वेळ शरीरातलं रक्त नळ्यांतून यंत्रात जातं, तिथं त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि ते परत शरीरात येतं. पण या नळ्या आधी कशानं तरी भरून ठेवाव्या लागतात, नाहीतर हवा शिरेल. सुरुवातीच्या काळात त्या सरळ दुसऱ्यांच्या रक्तानं भरायचे. एका ऑपरेशनला कितीतरी बाटल्या लागायच्या. अशा वेळी पेशंटचं हिमोग्लोबिन थोडं कमी आहे याची काळजी कोण करणार? बाटली होतीच की!

आपल्याकडं हृदयशस्त्रक्रियेचं एक मोठं केंद्र होतं मुंबईचं केईएम रुग्णालय. तिथं डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं मानवी हृदयारोपण केलं. तो पेशंट काही तासच जगला, पण एका पालिका रुग्णालयानं कुठवर मजल मारली होती ते त्यातून दिसतं.

याच मुंबईत १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण रक्तगट जगापुढं आणला. त्याचं नावच 'बॉम्बे' पडलं. साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचं दिसतं, पण या माणसांना ओ गटाचंही रक्त चालत नाही. फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं चालतं, आणि भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक. अशा माणसाचं ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरला आधीपासून तयारी करावीच लागते. लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवायचं, जमलं तर त्याचंच रक्त काढून साठवायचं, आणि ऑपरेशनमध्ये थेंब न थेंब वाचवायचा. बाटली सहज मिळत नाही तिथं पेशंटच्या स्वतःच्या रक्ताकडं लक्ष जातं ते असं.

रक्त नको म्हणणारी माणसं

अमेरिकेत हेच वेगळ्या कारणानं घडलं. यहोवाचे साक्षीदार या पंथाची माणसं श्रद्धेपोटी दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. टेक्सासमधले सर्जन डेंटन कूली यांनी त्यांची ऑपरेशनं करायचं ठरवलं. १९६२ च्या सुमाराला त्यांच्या गटानं यंत्राच्या नळ्या रक्ताऐवजी साखरेच्या सलाईननं भरायची पद्धत रूढ केली. १९७७ साली त्यांनी अशा ५४२ ऑपरेशनांचा अहवाल दिला, एकातही रक्त दिलेलं नव्हतं. बहुसंख्य पेशंट वाचले. जे गेले, त्यांतल्या काहींच्या मृत्यूला ऍनिमियाचा हातभार होता असंही त्यांनी नोंदवलं.

म्हणजे १९७७ सालीच दोन गोष्टी कागदावर होत्या. एक, हृदयाचं ऑपरेशन रक्ताशिवाय होऊ शकतं. दोन, त्यासाठी पेशंटच्या अंगात मुळात चांगलं रक्त असावं लागतं. तरी इतरांच्या बाबतीत सवय बदलली नाही. "त्यांचा धर्माचा प्रश्न आहे, आपल्या पेशंटला कुठं अडचण आहे?" असा साधारण विचार.

किकवीची जीप

आता थोडं घरचं सांगतो. आमचं गाव किकवी, भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा रस्त्यावरचं. १९९२ साली माझ्या मामीच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यातून झडप खराब झालेली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा डोनर घेऊन या. मामानं गावातली आठ पोरं जीपमध्ये घातली आणि नेली. त्यातल्या दोघांना रक्तपेढीनं परत पाठवलं, कारण त्यांचंच हिमोग्लोबिन कमी निघालं. राहिलेल्यांतला एकजण रक्त देऊन उठताना चक्कर येऊन पडला. बाहेर एक माणूस उभा होता, तो म्हणायचा, "कमी पडत असतील तर मी देतो आणून, पैसे तेवढे द्या."

हे त्या काळात सर्रास होतं. रक्त विकणारे धंदेवाईक दाते तेव्हा कायदेशीर होते. एचआयव्हीची तपासणी १९८९ साली सक्तीची झाली होती, पण इतर सगळे आजार काही पकडले जात नव्हते. पुढं ४ जानेवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं रक्तपेढ्यांबाबत मोठा निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली.

मामीचं ऑपरेशन झालं, ती वाचली. तिला पाच बाटल्या लागल्या. तीन महिन्यांनी कावीळ झाली. रक्तातूनच आली असं कुणी सिद्ध केलं नाही, करणार तरी कोण? पण आज मागं वळून कागद पाहिले तर दिसतं की ऑपरेशनच्या दोन महिने आधीच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन ९ लिहिलेलं आहे. दोन महिने! तेवढ्या काळात कुणी लोहाची एक गोळी लिहून दिलेली नाही. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही. तेव्हाची रीतच ती होती: हिमोग्लोबिन मोजायचं, कमी असेल तर बाटल्या जास्त मागवायच्या.

जरा हिशेब करू

मामीसारख्या बाईला रक्त जास्त का लागतं, याचा हिशेब सोपा आहे. ४५ किलोच्या बाईच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त. यंत्राच्या नळ्यांत सव्वा लिटर सलाईन. दोन्ही एकत्र झालं की रक्त पातळ होतं. हिमोग्लोबिन ९ असेल तर यंत्र सुरू होताच ते साडेसहाच्याही खाली येतं, अजून फारसं रक्त सांडलेलंसुद्धा नसतं. आणि तेच १३ असेल तर ९ च्या वर राहतं. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, पण एकीला रक्त द्यावंच लागतं आणि दुसरीला कदाचित लागणारच नाही. आपल्याकडच्या बारीक चणीच्या बायकांना या यंत्राचा फटका जास्त बसतो तो यामुळं.

आता ९ चं १३ करायला काय लागतं? लोह किती द्यायचं याचं एक सूत्र १९७० साली गान्झोनी यांनी मांडलं, ते अजून वापरतात. या बाईच्या वजनाला ते लावलं तर उत्तर येतं साधारण एक ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण आपलं आतडं एरवी दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घेतं. कमतरता असेल तर थोडं जास्त घेतं, तरी गोळीवर भिस्त ठेवायची तर आठवडे नाही, महिने लागतात. म्हणून ऑपरेशन जवळ आलेलं असेल तर शिरेतून लोह देतात. जुन्या काळच्या इंजेक्शनांना ऍलर्जीची मोठी भीती होती. पुढं आयर्न सुक्रोज रुळलं, आणि २००७ साली युरोपात फेरिक कार्बोक्सिमाल्टोज आलं, ज्याचा मोठा डोस एका बैठकीत देता येतो.

आणखी एक कोडं होतं. हृदयाच्या पेशंटना कित्येकदा लोहाची गोळी लागूच पडायची नाही. त्याचा उलगडा २००० च्या आसपास झाला, हेप्सिडिन सापडल्यावर. यकृतात तयार होणारा हा पदार्थ लोहाचा दरवाजा बंद करतो. शरीरात कुठं दाह असला की हेप्सिडिन वाढतं, आणि पोटात घेतलेलं लोह रक्तात शिरतच नाही. गोळी घेतल्यावरही ते काही काळ वाढतं. म्हणून रोज दोनदा घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेली गोळी अंगी जास्त लागते, असं झुरिकच्या अभ्यासांत २०१५ नंतर दिसलं.

पुरावा काय सांगतो

इथं सावकाश बोलायला हवं, कारण 'लोह दिलं की झालं' असं चित्र नाही.

आधी रक्त कधी द्यायचं ते. २०१७ साली १९ देशांतल्या जवळजवळ पाच हजार हृदयशस्त्रक्रियांचा अभ्यास आला. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, तरी सढळ हातानं रक्त दिलेल्या पेशंटपेक्षा परिणाम वाईट निघाले नाहीत. म्हणजे आधी जे रक्त 'असू दे जरा' म्हणून चढवलं जायचं, त्यातलं बरंचसं लागत नव्हतं.

मग २०१९ साली झुरिकचा अभ्यास आला. हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साधारण पाचशे पेशंटांतल्या निम्म्यांना शिरेतून लोह, रक्तपेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, बी-१२ आणि फॉलिक ऍसिड असं चौघांचं मिश्रण दिलं. त्यांना रक्ताच्या पिशव्या कमी लागल्या. गंमत बघा, त्या चौघांत आपल्या गिरणगावातलं विल्सबाईंचं फॉलिक ऍसिडही आहे.

पण २०२० साली इंग्लंडमधल्या अभ्यासात उलटं दिसलं. तो पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांचा होता. आधी काही आठवडे शिरेतून लोह देऊनही रक्त देण्याचं प्रमाण घटलं नाही. यात एक बाब आहे: त्या अभ्यासात ऍनिमिया असलेले सगळे घेतले होते, लोहच कमी आहे याची खात्री करून निवडलेले नव्हते. म्हणजे पुन्हा १९२८ चाच प्रश्न. काय कमी आहे?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० सालीच ठराव करून सांगितलंय की पेशंटचं स्वतःचं रक्त सांभाळणं हा उपचाराचा भाग आहे. माझं मतही तेच आहे. लोह ही जादू नाही. पण कमतरता आहे का ते आधी तपासणं आणि असेल तर भरून काढणं, हे ऑपरेशनच्या तयारीत भुलतज्ज्ञाच्या तपासणीइतकंच नेहमीचं झालं पाहिजे.

आपल्या भागात हे जास्त का लागू

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ऍनिमिया निघाला. महाराष्ट्रात ५४ टक्के. १९७० पासून सरकार लोहाच्या गोळ्या वाटतंय, तरी ही परिस्थिती आहे. आमच्या भोर-वेल्ह्याकडं भातलावणीत आयाबाया दिवसदिवस चिखलात अनवाणी उभ्या असतात. अंकुशकृमी नावाचा जंत तळपायाच्या कातडीतूनच शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. त्यात पाळीचा त्रास अंगावर काढायचा, आणि जेवणावर लगेच चहा. चहा अन्नातलं लोह अडवतो. पुरुषांचं म्हणाल तर मूळव्याध लपवायची. हृदयासाठी घेतलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पोटात थेंबथेंब रक्त जात असतं, तेही कळत नाही. लोह कुठून गळतंय ते न शोधता नुसतं भरत राहणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं.

२०१९ मध्ये मामाची बायपास ठरली तेव्हा फरक दिसला. घाई नव्हती. हिमोग्लोबिन १०, फेरिटिन अगदी तळाला. डॉक्टरांनी आधी रक्त कुठं जातंय ते पाहिलं, शिरेतून लोह दिलं आणि चार आठवड्यांनंतरची तारीख दिली. ऑपरेशनला एकच पिशवी लागली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण या वेळी गावातून जीप भरून न्यावी लागली नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात हृदयाचं किंवा दुसरं मोठं ऑपरेशन ठरलं आणि ते तातडीचं नसेल, तर 'रक्ताची सोय' करायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हिमोग्लोबिन किती आहे? कमी असेल तर फेरिटिन, बी-१२ वगैरे तपासून कारण शोधलंय का? आणि ते सुधारायला काही आठवडे थांबता येईल का? थांबणं धोक्याचं असेल तर डॉक्टर तसं सांगतील, आणि तेव्हा त्यांचंच ऐकायचं. मनानं गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यायची नाहीत. एरिथ्रोपोएटिननं गुठळ्या होऊ शकतात, आणि लोह जास्त झालेलंही घातक असतं.

आणि हो, रक्तदान थांबवू नका. एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद झाली की रक्तपेढ्या दरवर्षी कोरड्या पडतात. अपघात, बाळंतपण, थॅलेसेमियाची लेकरं, यांना बाटलीशिवाय पर्याय नाही. ज्याचं रक्त त्याच्याच हाडांत तयार होऊ शकतं त्याला ती संधी दिली, तर ती पिशवी या लेकरांसाठी उरेल.

तुमच्या घरचे अनुभव कळवा. पुढच्या भागात भेटूच, तोवर नमस्कार!